कोणत्या कामाला वेळ द्यायचा नाही? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं : दिवस पुरत नाही असं वाटतं, तेव्हा नेमकं कोणतं काम सोडावं हे ठरवताना तुम्ही कुठे अडता? सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं दिलेली नाहीत. पत्रांतले आकडे पत्रलेखकांचेच आहेत.

प्रश्न : मी साताऱ्यात घरीच शिवणकाम करते. अकरा ते सहा मशीनवर असते, तरी महिन्याअखेर हाती फारसं उरत नाही. अस्तराच्या ब्लाउजला अडीच तास लागतात, ३५० रुपये घेते. साडीच्या फॉल-पिकोला ४० मिनिटं, ८० रुपये. शिवाय आजूबाजूच्या बायका उसवून घट्ट-सैल करणं, चेन बदलणं असली कामं आणतात. त्यात ३५ मिनिटं जातात, ३० रुपये मिळतात. सगळ्या ओळखीच्या. नाही कसं म्हणू?

उत्तर : आधी तिन्ही कामं तासाच्या हिशेबात मांडू. ब्लाउजचे तासाला १४० रुपये पडतात, फॉल-पिकोचे १२०, आणि दुरुस्तीचे ५१. म्हणजे दुरुस्तीला बसता तो प्रत्येक तास ब्लाउजच्या तुलनेत ८९ रुपयांनी कमी पडतो. ही ३५ मिनिटंही खरी नाहीत. जुळणारा दोरा शोधणं, बॉबिन बदलणं, चेनसाठी मशीनचा फूट बदलणं आणि दारात आलेल्या बाईशी बोलणं धरलं, तर ५० मिनिटं सहज होतात. मग तासाला ३६ रुपयेच पडतात. त्यात मध्येच थांबवलेल्या ब्लाउजचं नुकसान वेगळं. कापून ठेवलेल्या बाह्यांची डावी-उजवी बाजू लक्षातून जाते, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या जोडल्या जातात, आणि उसवण्यात पुन्हा अर्धा तास जातो.

पण दुरुस्ती सरसकट बंद करू नका. तिचे दोन भाग करा. तुम्ही स्वतः शिवलेल्या कपड्याचं माप चुकलं असेल, तर पंधरा दिवसांच्या आत फुकट दुरुस्त करून द्या, कारण ती तुमची जबाबदारी आहे. बाकीची दुरुस्ती फक्त बुधवारी दोन ते पाच या वेळेत. दारामागे एक पिशवी अडकवा. कपडा कधीही आणला तरी त्याला नाव आणि काय करायचं याची चिठ्ठी टाचून पिशवीत टाकायचा, त्या दिवशी मशीन थांबवायचं नाही. दर ८० रुपये करा. ३५ मिनिटांना १४० च्या हिशेबाने ८२ येतात, म्हणजे ८० हा काही जास्तीचा दर नाही. दर ऐकून बरीच कामं येणार नाहीत. जी येतील ती तोट्यात जाणार नाहीत.

बोलताना ‘जमणार नाही’ म्हणू नका. ‘ताई, दुरुस्ती मी बुधवारीच घेते, पिशवीत ठेवून जा’ एवढं पुरतं. यात माणसाला नकार नाही, फक्त दिवस बदलला आहे, आणि तो सगळ्यांना सारखाच आहे. एका मैत्रिणीसाठी सोमवारी केलंत, की पुढच्या आठवड्यात बुधवार उरणार नाही. दिवाळीआधी आणि लग्नसराईत तीन-तीन आठवडे दुरुस्ती पूर्ण बंद, असा फलक महिनाभर आधीच लावा.

फॉल-पिकोचा आकडा ब्लाउजपेक्षा कमी दिसतो म्हणून ते काम मात्र काढू नका. त्याआधी वही उघडा आणि साडीबरोबर ब्लाउजचं कापड किती जणींनी दिलं ते मोजा. दहापैकी चार-पाच जणी जरी तशा असतील, तरी फॉल-पिको हे ब्लाउजचं दार आहे. सोडायचं काम ठरवताना लोक इथेच फसतात. त्या कामाचे पैसे मोजतात, त्याच्या मागून येणारं काम मोजत नाहीत.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ), दोन साध्या लेथ, सहा कामगार. दिवसभर फोन आणि कोटेशन. रात्री नऊपर्यंत थांबतो, तरी माल उशिराच जातो. येईल ते काम घेतो, कारण मशीन रिकामं राहण्याची भीती वाटते. कोणतं काम घेऊ नये हे कसं ठरवायचं?

उत्तर : तुमचा वेळ तीन ठिकाणी गळतोय : कोटेशनमध्ये, सेटिंगमध्ये आणि एकाच वेळी उघडलेल्या कामांमध्ये. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कोटेशनपासून सुरू करा, कारण हे एका रविवारी होण्यासारखं आहे. गेल्या तीन महिन्यांची फाइल काढा. प्रत्येक कोटेशनसाठी चार रकाने : पार्टी, कोटेशन काढायला लागलेला वेळ, ऑर्डर आली का, नसेल तर उत्तर तरी आलं का. मग पार्टीनुसार बेरीज करा. काही पार्ट्या नुसता दर मागतात आणि तो दाखवून आपल्या जुन्या माणसाचा दर पाडून घेतात. त्या या कागदावर लगेच दिसतात. पाच कोटेशनं नेऊन एकही ऑर्डर न दिलेल्या पार्टीला पुढच्या वेळी ड्रॉइंग उलगडून दर काढून देऊ नका. फोनवरच अंदाजे दर सांगा, पाच मिनिटांत. पूर्ण कोटेशन हवं असेल तर आधी चार गोष्टी विचारा : एका वेळी किती नग, वर्षाला किती, मटेरियलचा ग्रेड कोणता, आणि मटेरियल कोण देणार. खरं काम असलेला माणूस ही उत्तरं देतो. कंपनीचं नाव मोठं आहे म्हणून तिला या नियमातून वगळू नका. सगळ्यात जास्त फुकट कोटेशनं बहुधा तिथेच गेलेली असतात.

आता सेटिंग. समजा एका जॉबला सॉफ्ट जॉ (नग पकडणारे मऊ जबडे) बोअर करणं, टूल ऑफसेट घेणं (हत्याराची नेमकी जागा मशीनला देणं), प्रोग्रॅम चालवून पाहणं आणि पहिला नग तपासणं, असं सगळं मिळून ४५ मिनिटं लागतात, आणि एका नगाचा सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायला लागणारा वेळ, ३ मिनिटं आहे. १० नगांच्या ऑर्डरला ४५ अधिक ३० म्हणजे ७५ मिनिटं, नगामागे साडेसात. २०० नगांच्या ऑर्डरला ४५ अधिक ६०० म्हणजे ६४५ मिनिटं, नगामागे सव्वातीनच्याही आत. मशीनचा दर तासाला ६०० रुपये, म्हणजे मिनिटाला १० धरला, तर पहिल्या ऑर्डरचा नग तुम्हाला ७५ रुपयांना पडला आणि दुसऱ्या ऑर्डरचा साधारण ३२ ला. दर मात्र दोन्हीकडे सायकल टाइमवर ३० लावला असेल, तर १० नगांच्या कामाने पोटाला काही दिलं नाही, उलट ४५० रुपये घेऊन गेलं.

म्हणून किमान बॅच ठरवा. सेटिंगचा वेळ कटिंगच्या वेळेच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असं धरलं तर वरच्या जॉबला किमान ७५ नग लागतात (७५ गुणिले ३ म्हणजे २२५ मिनिटं, त्याचा पाचवा हिस्सा ४५). त्याखाली काम आलं, तर सेटिंग चार्ज वेगळा लावायचा किंवा काम साध्या लेथवर घ्यायचं. तेही परवडत नसेल तर सोडायचं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या जॉबचे जॉ काढून फेकू नका. त्यावर पार्ट नंबर पंच करून रॅकमध्ये ठेवा, प्रोग्रॅम आणि टूल लिस्ट त्याच नंबरने जपा. सेटिंग २० मिनिटांवर आलं, की किमान बॅच ३४ नगांवर येते. म्हणजे काल सोडायचं ठरवलेलं काम आज घेण्याजोगं होतं. न घेण्याची यादी दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची ती याचसाठी.

माल उशिरा जाण्याचं कारण बहुतेक वेळा कमी काम करणं हे नसतं, जास्त उघडलेली कामं हे असतं. जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलेला नियम इथे थेट लागू होतो : सरासरी किती दिवस लागणार, हे काढायला चालू कामांची संख्या भागिले रोज पूर्ण होणारी कामं. शॉपमध्ये २४ जॉब उघडे आणि आठवड्याला ४ बाहेर पडत असतील, तर आज आलेल्या कामाला सहा आठवडे लागणार, तुम्ही रात्री नऊपर्यंत थांबा किंवा अकरापर्यंत. उघडे जॉब १२ वर आणा, तेवढ्याच माणसांत तीन आठवडे लागतील. एक जॉब गेटबाहेर गेल्याशिवाय नवा मशीनवर चढवायचा नाही. हा नियम मोडतो तो ठरलेल्या ठिकाणी. पार्टीचं मटेरियल येऊन पडतं, समोर दिसतं, आणि ‘दोन नग काढून बघू’ म्हणत काम उघडलं जातं. म्हणून आलेलं मटेरियल मशीनजवळ नको, गेटजवळच्या रॅकमध्ये तारखेची पट्टी लावून ठेवा.

जुन्या गिऱ्हाइकाचं ब्रेकडाउनचं काम मात्र अडवू नये. त्यासाठी एक साधी लेथ रोज चार ते साडेपाच मोकळी ठेवा आणि त्याचा दर वेगळा ठेवा. ती वेळ मोकळी गेली तर मशीन पुसा, ऑइल बघा, पण नेहमीचं काम त्यात ढकलू नका.

फोनबद्दल एवढंच : सुपरवायझर उचलेल, वहीत पार्टी, जॉब आणि काय हवं ते लिहील. तुम्ही अकरा वाजता आणि साडेचार वाजता उलट फोन करायचे.

प्रश्न : मी ‘हे करायचं नाही’ अशी यादी भिंतीवर लावली : मोबाईल बघायचा नाही, टीव्ही नाही, वायफळ गप्पा नाहीत. आठ दिवसांत मोडली. माझ्यात निश्चय नाही का? (विटा)

उत्तर : निश्चयाचा प्रश्न नाही, यादी चुकली आहे. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी माणूस दमल्यावर करतो. त्या काढल्या आणि त्या जागी विसावा ठेवला नाही, तर त्या परत येणारच. यादीत दिसायला उपयोगी असलेली, कुणीतरी तुमच्याकडून अपेक्षा करत असलेली कामं हवीत. वेळ ती खातात.

एका ओळीत चार गोष्टी लिहा : कोणतं काम, कोणत्या तारखेपासून, ते आता कुठे जाईल, आणि कुणाला सांगितलं. उदाहरणार्थ, ‘१ तारखेपासून अपार्टमेंटचा हिशेब मी लिहिणार नाही, वह्या खजिनदारांकडे दिल्या, अध्यक्षांना सांगितलं.’ यातलं चौथं राहिलं, की काम पुन्हा तुमच्याच दारात येतं. एका वेळी तीनच ओळी ठेवा.

मोबाईलचं म्हणाल, तर इच्छाशक्तीपेक्षा सेटिंग बदला. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपवर बोट दाबून धरा, म्यूट करा, कालावधी ‘नेहमी’ निवडा, मग तो ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. सेटिंग्जमध्ये चॅट्स या भागात अर्काइव्ह केलेल्या चॅट तशाच ठेवण्याचा पर्याय चालू असू द्या, म्हणजे नवा मेसेज आला तरी ग्रुप वर उसळत नाही. शाळेचा किंवा कामाचा एक ग्रुप बाहेर ठेवा.

प्रश्न : तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने श्वास घ्यायला सवड नसते. सगळंच महत्त्वाचं वाटतं. सोडायचं काय?

उत्तर : बागेत ‘महत्त्वाचं’ या शब्दाने निवड होत नाही, कारण खरंच सगळं महत्त्वाचं असतं. प्रश्न बदला : हे काम किती दिवस थांबेल?

काही कामांची वेळ गेली की ती परत येत नाही. फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायला उशीर झाला, की काडीत गर्दी होते, हवा खेळत नाही आणि औषध घडापर्यंत पोचत नाही. विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) मण्यांच्या आकारावर ठरतात. मणी पुढे गेले, की तेच द्रावण तो परिणाम देत नाही. पोंग्यापासून (डोळे फुटण्यापासून) मणी धरेपर्यंत पाऊस, धुकं किंवा जड दव पडलं, तर डाऊनी या रोगावरची फवारणी दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. या कामांना कागदावर ‘० ते २ दिवस’ असं लिहा. शेडची दुरुस्ती, बँक, कृषी सेवा केंद्राचा हिशेब जुळवणं, बांधावरची साफसफाई ही कामं पंधरा दिवस थांबली तरी घडाला कळत नाही. ती छाटणीनंतरच्या पहिल्या सत्तर दिवसांत हातीच घ्यायची नाहीत. बायका-माणसं मजुरीवर मिळाली म्हणून बांध साफ करून घेणं आणि दोन दिवसांनी विरळणीला माणूस न मिळणं, हे दर हंगामात घडतं.

आता थेट बंद करण्यासारख्या तीन गोष्टी. पहिली, एका बाटलीसाठी तासगावला किंवा सांगलीला मारलेली फेरी. छाटणीच्या तारखेपासून दहा-दहा दिवसांचा तक्ता करा, त्या टप्प्याची औषधं आणि खतं एकदम आणा. पावसाची तयारी म्हणून डाऊनीवरचं एक औषध घरात आधीच असू द्या.

दुसरी, ग्रुपवरचे फवारणीचे सल्ले. एकाची छाटणी ५ ऑक्टोबरची, दुसऱ्याची २० ची. एकाच दिवशी एक बाग फुलोऱ्यात असते, दुसरी त्याच्या बरीच मागे. सल्ला देणाऱ्याने छाटणीची तारीख, वाण आणि अवस्था सांगितली नसेल, तर तो वाचण्यात घालवलेला वेळ वाया जातोच, वर चुकीची फवारणी पदरात पडते. एकच सल्लागार ठेवा, जो बागेत येऊन बघतो.

तिसरी, दराचे फोन. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ होऊन गोड व्हायला लागायच्या, आधी व्यापाऱ्याशी दरावर रोज बोलून काही हाती लागत नाही. त्याला गोडी आणि मण्याचा आकार बघायचा असतो. पाणी उतरल्यावर फोन सुरू करा.

एक गोष्ट कितीही घाई असली तरी सोडू नका : सकाळची फेरी. पाऊण तास, ओळीत वाकून. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळट डाग दिसला की पान उलटा, खाली पांढरी बुरशी आहे का बघा. रोज त्याच ओळींतून जाऊ नका. पाणी साचणारा कोपरा आणि झाडाच्या सावलीतल्या ओळी आधी. हा वेळ वाचवायला जाणारे पुढे चार फवारण्या जास्त करतात.

प्रश्न : कराडला राहून राज्यसेवा पूर्व परीक्षेची तयारी करतो. रोज दहा तास बसतो. चौदा पुस्तकं, तीन टेस्ट सिरीज, सी-सॅटला रोज दोन तास. तरी उजळणी होत नाही.

उत्तर : सी-सॅटचा, म्हणजे कल चाचणीचा दुसरा पेपर सध्याच्या नियमाने फक्त पात्रतेपुरता आहे. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण हवेत. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा. ३२ बरोबर आणि १६ चूक आले तरी ८० वजा १० म्हणजे ७० गुण होतात. आधी दोन जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. दोन्हींत ९० च्या वर असाल, तर रोजचे दोन तास बंद करा, आठवड्याला एक पेपर पुरेल. ७० च्या आसपास असाल किंवा गणिताने दगा दिला असेल, तर हा वेळ अजिबात कापू नका. पहिल्या पेपरला कितीही गुण मिळाले तरी इथे अडकलेला उमेदवार बाहेरच राहतो.

पुस्तकांचं असं करा. मागच्या पाच वर्षांचे प्रश्न घ्या आणि प्रत्येक विषयाच्या एका पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर त्या-त्या प्रकरणापुढे रेघा मारा. दुसरं पुस्तक फक्त पहिल्यात न सापडलेल्या प्रश्नापुरतं उघडायचं. एकही रेघ नसलेलं प्रकरण एकदा वाचा, त्याच्या नोट्स काढू नका. टेस्ट सिरीज एकच ठेवा. दोन तासांच्या पेपरला तीन तासांचं विश्लेषण धरा : चूक माहिती नव्हती म्हणून झाली, घाईत वाचल्याने झाली, की नुसता अंदाज मारला म्हणून. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी पेपरच देऊ नका.

प्रश्न : वडूजजवळच्या गावात आमचं दुकान आहे. लग्नसराईत महिन्याला वीस पत्रिका येतात, शिवाय वास्तुशांत, जावळ, बारसं. गेलो नाही तर माणूस दुखावतो, गेलो तर दुकान बंद. यात काही सोडता येतं का?

उत्तर : येतं, पण आधी एक वेगळं काढून ठेवा. मयत आणि दुखाचं घर यात मोजायचं नाही. जवळच्या नात्यात मातीला जायचंच, इतर ओळखीच्यांकडे दहाव्याच्या आत एकदा घरी जाऊन बसून यायचं. तिथे न गेलेला माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतो, आणि ते बरोबरच आहे.

शुभकार्यात मात्र निवड करता येते. गेल्या वर्षीच्या पत्रिका काढा आणि तीन गठ्ठे करा. पहिल्यात सख्खं नातं, भावकी आणि तुमच्या कार्यात अंगमेहनतीला उभे राहिलेले लोक. तिथे पूर्ण दिवस द्या, दुकान बंद ठेवा. दुसऱ्यात नेहमीचे गिऱ्हाईक आणि शेजारी. तिथे साखरपुडा, हळद आणि लग्न यांपैकी एकच. तिसऱ्यात नुसती ओळख. तिथे जायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. कार्याच्या दिवशी सकाळी फोन करा, आणि पंधरा दिवसांच्या आत संध्याकाळी घरी जाऊन आहेर द्या. कार्याच्या गर्दीत यजमानाशी दोन मिनिटं बोलणं होत नाही. घरी गेलात तर वीस मिनिटं बसणं होतं, तुमचे दुकानाचे चार तास वाचतात आणि त्यांच्याही मनात तुमचं येणं राहतं.

घरात दोघं-तिघं मोठे असतील तर सगळ्यांनी सगळीकडे जायची पद्धत बंद करा. रविवारी रात्री पुढच्या आठवड्याच्या पत्रिका समोर घ्या आणि कुणी कुठे जायचं ते पत्रिकेवरच लिहा. पत्रिका द्यायला माणूस दारात आला असताना ‘नक्की येतो’ म्हणून मग न जाणं, याने जेवढं मन दुखावतं तेवढं न जाण्याने दुखावत नाही. त्याच वेळी चहा देताना सांगा : ‘त्या दिवशी दुकान सोडता येणार नाही, मुलगा येईल, आणि आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात नवरानवरीला भेटायला घरी येतो.’ मग तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि जा.